फळे मुरवणारा नॉस्ट्राडेमस

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार असे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी मला सांगितले की, दिवाळीच्या विक्रीसाठी तुम्ही दरवर्षी आवळ्याच्या फोडी, पपनसाच्या साली आणि सुकवलेली फळे करता, तर त्याविषयीच चार शब्द लिहा. पुढे सभेत असेही ठरले की, प्रत्येकीने एका प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र लिहावे. कुणी जिजाऊ घेतल्या, कुणी अहिल्याबाई होळकर, कुणी डॉक्टर आनंदीबाई जोशी. मी मात्र विचारात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. पाकातल्या फळांसाठी चरित्र कुणाचे आणायचे? परंतु शोधता शोधता असा एक माणूस सापडला की, ज्याचे नाव तुम्हां सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे, पण त्याने मुरंबे केले हे फार थोड्यांना ठाऊक असेल. तो म्हणजे फ्रान्स देशातील नॉस्ट्राडेमस.

भगिनींनो, नाव वाचून हसू नका. होय, तोच तो भविष्य सांगणारा. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि आपण सगळ्या घरांत कोंडलो गेलो, त्या दिवसांत फोनवर एक मजकूर फिरत होता की, ही साथ नॉस्ट्राडेमसने चारशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवली होती आणि अजून पुष्कळ वाईट पुढेच आहे. मला तो मजकूर एका रात्री आला. आमच्या घरी वयस्कर सासूबाई, यजमान रोज कामासाठी बाहेर जाणारे. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी मुलीला म्हटले की, हा माणूस होता तरी कोण, ते मला नीट शोधून सांग. तिने पुस्तके धुंडाळून जे सांगितले, ते ऐकून माझी भीती तर गेलीच, पण त्या माणसाविषयी एक वेगळीच आपुलकी वाटू लागली. तेच आज तुमच्यापुढे मांडते. फ्रेंच नावांचे उच्चार मुलीने सांगितले तसे लिहिले आहेत, चूकभूल पोटात घालावी.

त्याचे खरे नाव मिशेल द नोत्रदाम. नोत्रदाम म्हणजे आमची माउली, अर्थात येशूची आई मेरी. त्याचे आजोबा मूळचे यहुदी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा हे आडनाव घेतले. मिशेलचा जन्म १५०३ सालच्या डिसेंबर महिन्यात सें रेमी नावाच्या गावी झाला. हे गाव फ्रान्सच्या दक्षिण भागात, प्रोव्हान्स प्रांतात आहे. वडील धान्याचे व्यापारी आणि कागदपत्रे लिहून देणारे होते, घरात भावंडे पुष्कळ.

हा प्रोव्हान्स प्रांत कसा आहे ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. समुद्र जवळ, ऊन कडक, पाऊस थोडा. अंजीर, द्राक्षे, बदाम, अक्रोड आणि ऑलिव्ह ही तिथली झाडे. उन्हाळा संपता संपता सगळी फळे एकदम येतात, आणि मग हिवाळाभर झाडावर काही नाही. आपल्याकडे वैशाखात आंब्याफणसांची एकच गर्दी होते आणि म्हणून कोकणातल्या बायका आंबापोळी, फणसपोळी घालतात, तसेच तेथेही. अंजीर बोरूच्या ताटव्यांवर पसरून उन्हात सुकवायचे, द्राक्षांचे मनुके करायचे, आणि चेरी, पेअर, संत्र्याच्या साली साखरेत नाहीतर मधात मुरवायच्या.

या सगळ्याचे चीज होते ते नाताळात. प्रोव्हान्समध्ये नाताळच्या आदल्या रात्री जेवणानंतर तेरा गोड पदार्थ मांडण्याची चाल आहे. येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा. त्यांत सुके अंजीर, मनुका, बदाम आणि अक्रोड हे चार असलेच पाहिजेत. त्या चौघांना तेथे भिक्षेकरी म्हणतात, कारण त्यांचे रंग भिक्षा मागून राहणाऱ्या चार साधुपंथांच्या झग्यांसारखे आहेत. शिवाय पाकवलेली फळे, बिही या फळाच्या वड्या, मध आणि बदामांची चिक्कीसारखी मिठाई, ऑलिव्हच्या तेलाची गोड पोळी असे पदार्थ. सगळ्यांनी सगळ्यांतले थोडे थोडे खायचे, आणि ताटे तीन दिवस तशीच मांडून ठेवायची, म्हणजे आल्यागेल्याला मिळावे. तेरा हा आकडा पक्का झाला तो विसाव्या शतकात, पण सणाला सुकी आणि पाकातली फळे मांडण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. त्याच प्रांतातले ॲप्ट हे गाव पाकवलेल्या फळांसाठी चौदाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. त्या काळी पोपमहाराज रोमऐवजी जवळच्या अविन्यो शहरी राहत, आणि ॲप्टची फळे त्यांच्या पंगतीला जात. अशा मुलखात आपला मिशेल वाढला.

चौदा-पंधरा वर्षांचा असताना तो अविन्योच्या विद्यापीठात शिकायला गेला. वर्ष-सव्वा वर्षातच तेथे प्लेगची साथ आली, विद्यापीठ बंद झाले आणि मुले घरोघर गेली. आपल्या मुलांच्या शाळा २०२० साली बंद पडल्या, तेव्हा मला याचीच आठवण येई. हा मुलगा मात्र घरी बसून राहिला नाही. १५२१ पासून १५२९ पर्यंत आठ वर्षे तो खेडोपाडी, रानावनांत हिंडला, वनस्पती ओळखायला शिकला आणि औषधे तयार करणारा झाला.

त्या काळचा औषधे करणारा म्हणजे आजचा औषधांचा दुकानदार नव्हे. तो मुळ्या कुटायचा, काढे उकळायचा, आसवे काढायचा. आणि मुख्य म्हणजे साखरेचे काम तोच करायचा. साखर तेव्हा युरोपात स्वयंपाकघरात डबा भरून ठेवण्याची वस्तू नव्हती. ती दूरच्या मदेइरा बेटासारख्या ठिकाणांहून गलबतांतून यायची आणि तोळ्यामाशाने औषध म्हणून विकली जायची. म्हणून फळे पाकवणे हे औषध करणाऱ्याचेच काम समजले जाई. यात आपल्याला नवल वाटायला नको. आपला मोरावळा आणि गुलकंद वैद्याच्या दुकानातून स्वयंपाकघरात आला की स्वयंपाकघरातून वैद्याकडे गेला, हे कोण सांगू शकेल? आणखी एक आनंदाची गोष्ट अशी की, साखर करण्याची विद्या आपल्या भारत देशातून तिकडे गेली. फ्रेंच भाषेतला साखरेचा शब्द आपल्या शर्करेवरून आणि खडीसाखरेचा शब्द आपल्या खंड या शब्दावरून, अरब आणि इराणी लोकांच्या मुखांतून फिरत फिरत तेथे पोहोचला आहे.

१५२९ साली मिशेलने माँपेलिए शहरातल्या प्रसिद्ध वैद्यकीय विद्यापीठात नाव घातले. डॉक्टर व्हावे ही त्याची इच्छा. परंतु थोड्याच दिवसांत तेथे कळले की, हा पूर्वी औषधे करून विकत होता. झाले! त्या विद्यापीठाच्या नियमात हाताने करण्याचा धंदा करणाऱ्याला प्रवेश नव्हता. डॉक्टरने पुस्तक वाचायचे आणि हुकूम करायचा. खलबत्ता आणि पातेले हातात धरणारा तो हलका. नोंदवहीतले त्याचे नाव खोडण्यात आले. ती नोंद आजही माँपेलिएच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे.

भगिनींनो, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. हाताच्या कामाला कमी लेखण्याची ही रीत आपण सगळ्याच जाणतो. दिवसभर चुलीपुढे उभी राहणारी बाई काय करते, असे कुणी विचारले की घरचेही सांगतात की ती काही करत नाही, घरीच असते. त्या तरुणालाही असेच वाटले असेल.

पुढे १५३१ च्या सुमारास त्याला आजें या गावी एका मोठ्या विद्वानाने बोलावून घेतले. तेथे त्याने लग्न केले, दोन मुले झाली. संसार रांगेला लागला. आणि १५३४ साली पत्नी आणि दोन्ही मुले साथीच्या रोगात दगावली. ती साथ प्लेगचीच असावी असे समजतात. जो गावोगाव औषधे देत होता, त्याच्या हातून त्याचीच माणसे गेली. त्या पत्नीचे नावसुद्धा इतिहासाने खात्रीलायक नोंदवून ठेवलेले नाही. नवऱ्याचे नाव पाचशे वर्षे जगभर गाजते आहे आणि जिने त्याचा पहिला संसार मांडला, तिचे नाव नाही. आपल्या मंडळाच्या या अंकात निदान तिची आठवण तरी व्हावी, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

त्यानंतर कित्येक वर्षे तो घरदार नसल्यासारखा हिंडत राहिला. १५४५ साली मार्सेय बंदरात प्लेग आला, तेथे त्याने एका नामांकित डॉक्टरच्या हाताखाली रोग्यांची सेवा केली. पुढच्या वर्षी एक्स या शहरात भयंकर साथ आली, तेथे त्याला बोलावणे गेले. पळून जाता आले असते, पण तो गेला नाही. तेथे त्याने गुलाबाच्या गोळ्या केल्या. पहाटे तोडलेल्या ताज्या लाल गुलाबांच्या पाकळ्या वाटून त्यांत सुरूच्या लाकडाचा भुसा, लवंग, वेखंडाच्या जातीची मुळी, अगरू अशी सुगंधी द्रव्ये घालायची आणि ती गोळी तोंडात धरायची. दूषित हवेने रोग होतो, अशी तेव्हा समजूत होती. प्लेगचे जंतू १८९४ साली सापडले, आणि उंदरांवरच्या पिसवांमुळे तो पसरतो हे १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने आपल्या उपखंडातच, कराचीत, प्रयोग करून दाखवले. तेव्हा गुलाबाच्या गोळ्यांनी प्लेग बरा होणे शक्य नव्हते, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु रोग्याजवळ बसणारा माणूस ही गोष्ट औषधापेक्षा कमी नाही. पुण्याच्या साथीत आपल्या सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्यांनी ती साथ ऐकली आहे, त्यांना असल्या सेवेची किंमत सांगायला नको.

१५४७ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मिशेल सालों या गावी स्थायिक झाला आणि त्याने आन पोंसार्द नावाच्या सधन विधवेशी लग्न केले. फ्रान्समध्ये त्या काळी विधवेचा पुनर्विवाह ही साधी गोष्ट होती. आपल्याकडे त्यासाठी कायदा व्हायला १८५६ साल उजाडावे लागले. या दोघांना सहा मुले झाली, तीन मुली आणि तीन मुलगे. पुन्हा घर भरले. याच घरी त्याची पुस्तके लिहून झाली.

१५५० साली त्याने पंचांगासारखी एक वार्षिक पुस्तिका काढली. हवामान, पिके, आजार यांचे अंदाज त्यात असत. ती खपली, म्हणून दरवर्षी काढू लागला. पुस्तिकेवर त्याने आपले नाव लॅटिन धर्तीवर नॉस्ट्राडेमस असे घातले, तेच पुढे रूढ झाले. १५५५ साली लियों शहरात त्याची चार चार ओळींची भविष्ये छापून निघाली. आणि त्याच वर्षी, त्याच लियों शहरात, त्याचे दुसरे एक पुस्तक निघाले. त्याचा पहिला भाग चेहऱ्याला आणि केसांना लावायच्या वस्तूंचा, आणि दुसरा भाग साखरेत, मधात आणि आटवलेल्या द्राक्षरसात फळे मुरवण्याचा.

एकाच वर्षी निघालेल्या या दोन पुस्तकांकडे पाहावे. भविष्याचे पुस्तक मुद्दाम अवघड केलेले आहे. फ्रेंचमध्ये लॅटिन, ग्रीक आणि प्रोव्हान्सची बोली मिसळलेली, कुठे कोणते साल, कोणता राजा काही कळू नये असे. म्हणून ज्याला जो अर्थ हवा तो त्यातून निघतो. १५५९ साली फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री खेळातल्या द्वंद्वात भाल्याचा तुकडा डोळ्यात जाऊन मेला. त्याचे भविष्य आधीच लिहिलेले होते असे आज सांगतात, पण त्या ओळींचा आणि राजाच्या मरणाचा संबंध छापून आला तो पंचावन्न वर्षांनी, १६१४ साली. २००१ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या दोन उंच इमारती पाडल्या गेल्या, तेव्हाही त्याच्या नावाने काही ओळी जगभर फिरल्या. त्या तर कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने १९९७ साली, असे गूढ लिहिणे किती सोपे आहे हे दाखवण्यासाठी, स्वतः रचल्या होत्या. माझ्या फोनवर २०२० साली आलेला मजकूर याच जातीचा. म्हणजे मी एक रात्र फुकटच जागले.

फळांचे पुस्तक मात्र नेमके उलट आहे. ते साध्या फ्रेंच भाषेत लिहिलेले आहे. विद्वान मंडळी तेव्हा लॅटिनमध्ये लिहीत, आणि औषधे करणारे आपल्या कृती लपवून ठेवीत. याने किती माप घ्यायचे, किती वेळ उकळायचे, पाक केव्हा झाला हे कसे ओळखायचे, सगळे उघड सांगून टाकले. लिंबाची साल, संत्र्याची साल, भोपळ्याच्या फोडी, हिरवे बदाम, अक्रोड, पेअर, आंबट चेरी, ओले आले, एवढेच काय पण लेट्यूस या पालेभाजीचे देठसुद्धा साखरेत कसे मुरवायचे ते त्यात आहे. खडीसाखर कशी करायची आणि बदाम-साखरेची बर्फीसारखी मिठाई कशी करायची तेही आहे. ज्याला साखर परवडत नाही त्याने मध घ्यावा, तोही नसेल तर द्राक्षांचा रस काकवीसारखा आटवून घ्यावा, अशी गरिबाचीही सोय आहे.

बिही या फळाची त्याची कृती विशेष प्रसिद्ध आहे. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा मिळतो, ते याच फळाचे बी. हे फळ कच्चे खाववत नाही, पण शिजवले की सुंदर लाल होते. नॉस्ट्राडेमसचे सांगणे असे की, बिही शिजवताना साल काढू नये, कारण सगळा सुवास सालीतच असतो. ही गोष्ट खलबत्ता हाती धरणाऱ्यालाच कळते. माँपेलिएच्या विद्यापीठाने ज्या हातांमुळे त्याला काढून टाकले होते, त्याच हातांचे ज्ञान या पुस्तकात उतरले आहे. हे पुस्तक लोकांना आवडले. पुन्हा पुन्हा छापले गेले, आणि १५७२ साली त्याचे जर्मन भाषांतरही निघाले.

त्याच्या पुस्तकात दोष नाहीत असे मात्र नाही. पहिल्या भागात चेहरा उजळण्यासाठी पाऱ्याचा लेप दिला आहे. पारा हे विष आहे, हे आज आपण जाणतो. गोरे दिसण्यासाठी असली मलमे आजही विकली जातात, त्यांपासून आपल्या मुलींना सावध ठेवावे. जे चांगले ते घ्यावे, वाईट ते सोडावे.

आता त्याची रीत आपल्या स्वयंपाकघरात कशी उपयोगी पडते ते सांगते. फळात पाणी असते, म्हणून ते सडते. उन्हात वाळवले की पाणी जाते. साखरेत मुरवले की फळातले पाणी बाहेर येते आणि साखर आत शिरते, मग बुरशीला आणि जंतूंना प्यायला पाणीच उरत नाही. पण हे सावकाश व्हावे लागते. मी नवी सून होते तेव्हा उकडलेले आवळे एकदम दोनतारी पाकात टाकले होते. दुसऱ्या दिवशी पाहते तो सगळे आवळे सुकलेल्या बोरांसारखे आक्रसलेले! आतले पाणी भसकन बाहेर आले आणि साखरेला आत जायला अवधीच मिळाला नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी माझ्याशेजारी बसून त्यांनी मला रोज थोडा थोडा पाक घट्ट करायला शिकवले. नॉस्ट्राडेमसनेही हेच सांगितले आहे की, दुसऱ्या दिवशी पाक पातळ झाला असला तर तो पुन्हा उकळावा, पुन्हा फळांवर ओतावा, आणि पाक पातळ होण्याचा थांबेपर्यंत असे करीत राहावे. त्याचे सांगणे मुलीने वाचून दाखवले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की त्यात नवे ते काय!

दिवाळीसाठी पपनसाच्या सालीच्या कांड्या मी अशा करते. जाड सालीच्या बोटभर लांबीच्या पट्ट्या कापाव्यात. पातेल्यात भरपूर पाणी घालून दहा मिनिटे उकळाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावे. असे तीन वेळा केले की कडूपणा जातो. शेवटच्या वेळी साल नखाने सहज तुटेल इतकी मऊ झाली पाहिजे, कारण एकदा साखर लागली की साल पुढे शिजत नाही. निथळून वजन करावे. पाव किलो सालीला साडेतीनशे ग्रॅम साखर आणि दोन वाट्या पाणी घेऊन पाक उकळावा, त्यात थोडा लिंबाचा रस पिळावा म्हणजे पाकात साखरेचे खडे होत नाहीत. गरम पाक सालींवर ओतून झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी फक्त पाक निराळा काढून थोडा आटवावा आणि पुन्हा ओतावा. असे पाच-सहा दिवस करावे. पाक मधासारखा झाला की सालींसकट पाच मिनिटे उकळून, साली निथळून चाळणीवर सावलीत दोन दिवस वाळवाव्यात आणि पिठीसाखरेत घोळवून कोरड्या बरणीत भराव्यात. ओला चमचा बरणीत घालू नये. उरलेला पाक सरबताला उत्तम. मोसंबीच्या आणि ईडलिंबाच्या सालीही अशाच होतात. सालींना निराळे पैसे पडत नाहीत, फक्त सहा दिवस रोज पाव तास द्यावा लागतो.

आता त्याच्या अखेरच्या दिवसांकडे वळते. भविष्यामुळे त्याचे नाव फ्रान्सच्या राणीपर्यंत, कॅथरिन द मेदिचीपर्यंत गेले. तिने त्याला पॅरिसला बोलावून घेतले, आणि १५६४ साली आपल्या लहान मुलाला, राजा नववा चार्ल्स याला घेऊन ती सालोंला आली तेव्हा त्याला भेटली. राजवैद्य ही पदवीही त्याला मिळाली. ज्याला विद्यापीठाने नाकारले, तो राजाचा वैद्य झाला. परंतु मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. सालोंच्या आसपासची जमीन पाण्याअभावी कोरडी होती. आदां द क्रापोन नावाच्या तेथल्याच एका तज्ज्ञाने द्युरांस नदीचे पाणी कालव्याने आणण्याचे मोठे काम काढले. नॉस्ट्राडेमस आणि त्याची पत्नी आन यांनी त्या कामासाठी पैसे दिले आणि तेराव्या हिश्श्याचे ते मालक झाले. १५५९ च्या सुमारास पाणी सालोंला पोहोचले. तो कालवा आजही वाहतो आहे. पुढे काय होणार ते ओळखून आज पैसा आणि श्रम घालणे, याला मी भविष्य जाणणे म्हणते.

उतारवयात त्याला संधिवाताने पछाडले, हालचाल कठीण झाली, मग अंगावर सूज आली. १७ जून १५६६ रोजी त्याने मृत्युपत्र केले. पत्नीची सोय, मुलगे पंचवीस वर्षांचे होईपर्यंत आणि मुलींची लग्ने होईपर्यंत त्यांच्या पैशांची व्यवस्था, हे सर्व त्यात नीट लिहून ठेवले. त्यात गूढ असे काही नव्हते. २ जुलै १५६६ रोजी सालोंच्या आपल्या घरी तो वारला. त्या घरात आता त्याच्या आठवणींचे संग्रहालय आहे, आणि त्याच गावातल्या सें लोराँ चर्चमध्ये त्याची समाधी आहे.

जगाने त्याचे जे पुस्तक डोक्यावर घेतले, त्याने आजवर एकही साथ टळली नाही, एकही युद्ध थांबले नाही. लोक घाबरले तेवढे मात्र खरे. आणि जे पुस्तक बाजूला पडले, त्यातल्या रीतीने मुरवलेली संत्र्याची साल आजही खाता येते. माझ्या मनात येते की, ज्याने एकदा आपले सगळे घर साथीत गमावले, त्याला दुसऱ्यांदा भरलेल्या घरातली मुरंब्यांची बरणी किती मोलाची वाटली असेल! हिवाळ्यात मुलांना गोड मिळावे म्हणून उन्हाळ्यात केलेली तजवीज, ही प्रत्येक गृहिणी दरवर्षी करते. तिला कुणी भविष्यवेत्ती म्हणत नाही.

तेव्हा भगिनींनो, यापुढे फोनवर नॉस्ट्राडेमसचे नाव आले, तर तो मजकूर पुढे पाठवू नका. त्याऐवजी बाजारातून एक पपनस आणा. आतल्या फोडी मुलांना द्या आणि साल मात्र टाकू नका. वसुबारसेच्या आठ दिवस आधी पाक घातला, तर नरकचतुर्दशीच्या फराळाच्या ताटात तुमच्या हातच्या कांड्या असतील. ज्या भगिनींना समक्ष पाहायचे असेल, त्यांनी यंदा आश्विनात माझ्याकडे यावे. सासूबाई आणि मी मिळून दाखवू. मंडळाला असेच वाढदिवस लाभोत, ही प्रार्थना करून हा लेख पुरा करते.